रुळांवर थांबलेली अंत्ययात्रा

"फाटक खाली असलं की सगळे माझ्या तोंडाकडे बघतात, आणि वर असलं की मी कोणाला दिसतच नाही," असं सावेता मुर्गू एकदा म्हणाली होती. ऐकणारे हसले होते. तिने ते हसण्यासारखं सांगितलं नव्हतं, पण हसणाऱ्यांना तिने अडवलंही नाही.

लुंका रेचे गावच्या रेल्वे फाटकावर ती नवरा गेल्यामुळे आली. झाम्फिर रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीत होता. एका हिवाळ्यात रुळांवरचा बर्फ उपसताना छाती धरून खाली बसला, तो पुन्हा उठला नाही. रेल्वेने विधवेच्या हाती फाटक दिलं. एका खोलीची चौकी, लाकडांची शेगडी, एक खिडकी गावाकडे आणि एक दफनभूमीकडे. टेबलावर फोन. दाराबाहेर लोखंडी हँडल, ते फिरवलं की दोन्ही बाजूंचे आडवे खांब हलत हलत खाली यायचे. मुलगी तेव्हा शाळेत होती. आता ती स्पेनमध्ये स्ट्रॉबेरीच्या मळ्यात असते आणि रविवारी फोन करते. चौकीच्या मागच्या अरुंद पट्टीत सावेताने कांदे आणि झेंडू लावले होते. गाडी गेली की कांद्याची पात एका बाजूला आडवी व्हायची आणि मग सावकाश उभी राहायची.

फोन वाजायचा. स्टेशनातला दोब्रे गाडीचा नंबर सांगायचा, ती तो नंबर त्याला परत म्हणून दाखवायची, हँडल फिरवायची, बावटा घेऊन दारात उभी राहायची. गाडी जायची. हँडल उलटं फिरवायचं. बाकी काही नव्हतं त्या कामात. त्या बाकी काही नसण्याने तिची इतकी वर्षं निभावून नेली होती.

पूर्वी फाटकापाशी थांबणारी माणसं ओळखीची असत. घोडागाडी, सायकलवरचे शाळामास्तर, बदकं हाकत नेणारी एखादी म्हातारी. थांबलं की बोलणं व्हायचं. कोणाचं काय दुखतं, कोणाची गाय व्यायली, हे तिला फाटक खाली असतानाच कळायचं. मग हमरस्त्यावरच्या पुलाला तडे गेले आणि सगळी वाहतूक एका उन्हाळ्यापुरती लुंका रेचेवरून वळवली गेली. त्या उन्हाळ्यानंतर आणखी दोन उन्हाळे आले. पूल तसाच राहिला. दिवसभर ट्रक, टँकर, वाळूचे डंपर, मक्याने भरलेले ट्रेलर. घरांच्या भिंतींना भेगा पडल्या आणि सावेताच्या झोपेलाही.

"ए मावशी, झोपलीस का? उचल की तुझा बांबू."

"गाडी येतेय."

"कुठाय? मला तर दिसत नाही."

"तुला दिसेल तेव्हा बघायला तू नसशील."

"ऐका रे, म्हातारी आता प्रवचन देतेय."

शिव्यांचं तिला फार वाटत नसे. शिव्या वाऱ्याबरोबर जातात. तिला सहन व्हायचं नाही ते वेगळंच. खाली येणाऱ्या खांबाखालून एखादा गाडी दामटायचा, पलीकडे निघायचा, आणि आरशातून मागे बघून हसायचा. काही झालं नाही, हाच त्याचा पुरावा. रोज कोणी ना कोणी तो पुरावा तिच्या दारात टाकून जायचा, आणि तिच्याकडे त्याला उत्तर नव्हतं. उत्तर द्यायचं तर काहीतरी व्हायला लागलं असतं.

ऑक्टोबरात विहिरी खणणारा त्रिफान गेला. गावातल्या बहुतेक विहिरी त्याच्या हातच्या, चौकीमागची सुद्धा. आयुष्यभर जमिनीत उतरला आणि दरवेळी वर आला, या खेपेला नाही येणार, असं लोक म्हणाले, आणि दारूचा एकेक थेंब जमिनीवर सांडून बाकीची प्याले.

आमच्याकडे मयत घरून निघालं की प्रत्येक चौकात थांबतं. रस्त्यावर कापड अंथरतात, त्यावर सुटी नाणी पडतात, पाद्री दोन ओळी वाचतो, मग पुढे. वर जाताना आत्म्याला वाटेत नाके लागतात, प्रत्येक नाक्यावर त्याचा हिशोब बघतात, म्हणून खाली हे थांबे. जुन्या माणसांनी रूळ आणि रस्ता जिथे एकमेकांना छेदतात तोही चौकच धरला. पण ती माणसं शहाणी होती. थांबायचं ते रूळ पूर्ण ओलांडल्यावर, पलीकडे अक्रोडाखाली, जिथे रस्ता दफनभूमीकडे रुंद होतो. सकाळीच पाद्री इलारियनचा फोन सावेताला यायचा, ती दोब्रेला विचारून दोन गाड्यांमधली मोकळी वेळ काढून द्यायची, आणि मयत त्या वेळेत पार व्हायचं. सगळी वर्षं असंच चाललं होतं.

त्या दिवशीही वेळ काढलेली होती. पण त्रिफानचा जावई रेलू इटलीहून गाडी चालवत येत होता. तो तिकडे मोठे मालट्रक चालवतो. सीमेवर रांग आहे, असा त्याचा निरोप आला. मग नदी ओलांडली. मग पेट्रोल भरतोय. शवपेटी अंगणात उघडी, मेणबत्त्या विझायला आलेल्या, पाद्री दोनदा घसा खाकरून झालेले. त्रिफानची बायको पाराशिवा पेटीच्या उशाशी बसून राहिली.

"जावयाशिवाय उचलायचं नाही. ते त्याला फार मानत," ती म्हणाली.

शेवटी ढग खाली आले आणि पाद्रीच उठले. जावयाशिवाय उचललं. तोवर काढून ठेवलेली वेळ निघून गेली होती.

गावातल्या ओप्रियाच्या जुन्या ट्रॅक्टरमागे ट्रॉली, ट्रॉलीवर गालिचा, गालिच्यावर उघडी पेटी. मागे पाराशिवा, लेक दोमनिका, मग अर्धं गाव. आणि गावाच्या मागे ट्रकांची रांग, पायी चालणाऱ्या माणसांच्या वेगाने सरकत असलेली, गुरगुरत. ते फाटकापाशी पोचले तेव्हा सावेताने पॅसेंजरसाठी खांब खाली घेतलेले होते. पॅसेंजर गेली. तिने फोन उचलला.

"दोब्रे, मयत आलंय दारात. सोडू का?"

"मालगाडी आहे सावेताबाई, पण ती माझ्यापुढे उभी आहे. सिग्नल लाल आहे. तुम्ही त्रिफानबाबांना जाऊ द्या, मग बघू."

"उभी आहे ना, नक्की?"

"खिडकीतून इंजिन दिसतंय मला. सिगारेट ओढतोय चालक."

तिने खांब वर घेतले. पलीकडच्या रांगेत सगळ्यात पुढे साखरेचा ट्रक होता. तिने त्याच्यासमोर लाल बावटा धरला. "आधी मयत," ती म्हणाली. ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. अशी माणसंही होती. हे पुढे कोणी विचारलं नाही, म्हणून इथे सांगायला हवं.

ट्रॅक्टरची पुढची चाकं रुळांवरून उतरली. तेवढ्यात पलीकडच्या रांगेच्या मागून, उलट्या बाजूने, एक चंदेरी गाडी सुसाट आली. परदेशी नंबर. एकाने वाट फोडली की मागून येणारे असतातच. तिच्या मागे एक व्हॅन घुसली आणि व्हॅनच्या मागे आणखी कोणी. चंदेरी गाडी ट्रॅक्टरच्या तोंडाशी तोंड लावून थांबली. ट्रॉली रुळांवर. डावीकडे साखरेचा ट्रक, उजवीकडे चर. मागे माणसं, आणि माणसांच्या मागे बंपरला बंपर लावलेले ट्रक.

सावेता बावटा हलवत धावली. "मागे घे. आधी मागे घे ती."

दार उघडून रेलू बाहेर आला. दाढी वाढलेली, कोटाची बटणं वरखाली लागलेली.

"माझा सासरा आहे तो," तो तिला म्हणाला, जणू ती ओळख पटवायला उभी होती. तिला बाजूला सारून तो ट्रॉलीवर चढला आणि पेटीवर पडला. "बाबा, माफ करा, बाबा, उशीर झाला."

दोमनिकाने हंबरडा फोडला. मागच्या बायांनी तो उचलून धरला. ओप्रियाने ट्रॅक्टर बंद केला, कारण माणूस मेलेल्याचा निरोप घेत असताना इंजिन चालू ठेवत नाहीत. कोणीतरी सवयीने कापड अंथरलं. पाद्री इलारियननी पुस्तक उघडलं. जावई आला होता, मयत थांबलं होतं, आणि जागा चौकाची होती. सगळं जुळत होतं, पायाखालच्या लोखंडाखेरीज. पुरुषांनी टोप्या काढल्या. काही बाया रुळांच्या मधल्या खडीवर गुडघे टेकून बसल्या.

आणि सावेताचाही बावटा खाली आला. उजवा हात आपोआप कपाळाकडे गेला, छातीकडे, एका खांद्याकडून दुसऱ्या खांद्याकडे.

तेव्हा चौकीत फोन वाजला.

तिने तो ऐकला. हे तिने पुढे स्वतःपासून कधीच लपवलं नाही. तिने ऐकला आणि ती हलली नाही. समोर एक माणूस उघड्या पेटीवर रडत होता, आणि रडणाऱ्याच्या पाठीवर ओरडायचं कसं, एवढाच विचार मनात होता. होऊ दे त्याचं. एवढं होऊ दे.

मागच्या ट्रकवाल्यांना पेटी दिसत नव्हती. त्यांना फक्त वर उचललेलं फाटक दिसत होतं आणि न हलणारी रांग. एकाने हॉर्न दिला, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी मिळून. त्या आवाजाखाली फोन बुडाला, आणि तो ऐकू येईनासा झाला तेव्हाच सावेताला जाग आली.

"कुठे होतात?" दोब्रे ओरडत होता. "मालगाडी सुटली. वरच्या ऑफिसातून सिग्नल दिला, मला विचारलंसुद्धा नाही. फाटक टाका."

"टाकू कसं? फाटकात मयत आहे."

पलीकडून, अगदी हळू, "अजून?"

"चालकाला रेडिओवर सांग."

"लावतोय. दरीत आवाज जात नाही. लावतोच आहे. सावेताबाई, काहीतरी करा."

तिने फोन टाकला. हँडल दारातच होतं. तिने त्याला हात घातला आणि तो तसाच राहिला. खांब खाली घेतले तर माणसं आत कोंडली जातील. नाही घेतले तर पहिला मोकळा कोपरा दिसताच मागचे ट्रक आणखी आत घुसतील आणि मागे पळायचीही वाट बुजेल. एवढी वर्षं हे हँडल एकच प्रश्न विचारत होतं आणि त्याचं एकच उत्तर होतं. आज ते दोन्हीकडून चूक होतं. तिने हात काढला.

"गाडी," ती ओरडली. "गाडी येतेय, हटा."

तिने पितळी भोंगा फुंकला. ट्रकांच्या हॉर्नमध्ये तो असा हरवला जशी कळपात एक शेळी. एका ट्रकवाल्याने खिडकीतून डोकं काढलं. "हां मावशी, तू पण वाजव. सगळे मिळून वाजवू." जवळच्या दोघातिघांनी तिचं ऐकलं, रुळांकडे पाहिलं. रूळ वळणापर्यंत रिकामे होते.

"आत्ताच तर गेली एक," त्यातली एक म्हणाली, आणि पुन्हा डोकं खाली घातलं.

सावेता गुडघे टेकलेल्या बायांमधून वाट काढत पाद्रीपर्यंत गेली आणि त्यांच्या बाहीला धरून ओढलं. इतक्या वर्षांत तिने कधी त्यांच्या वस्त्राला हात लावला नव्हता. पाद्रींच्या कपाळावर आठी आली. त्यांनी वर पाहिलं, तिच्या तोंडाकडे, आणि तिथे जे होतं ते वाचलं.

"बाबा, मालगाडी."

पाद्रींनी पुस्तक मिटलं. "उचला," ते म्हणाले. मग ज्या आवाजात ते ईस्टरला घोषणा देत त्या आवाजात, "पेटी उचला. चरात उतरा सगळे."

पुढचं बघायला ती थांबली नाही. बावटा आणि खिशातले फटाके घेऊन ती वळणाकडे धावली. रुळांवर लावायचे ते फटाके चाकाखाली फुटले की चालकाला कळतं. पण ते दूर लावायचे असतात आणि तिचे गुडघे तिला दूर नेत नव्हते. खडी पायाखालून सरकत होती. मागून हॉर्न येतच होते, जणू कोणी तिला पाठीत ढोसून पुढे ढकलत होतं. वाकून तिने एक फटाका रुळावर बसवला. दुसरा हातातून निसटला. रुळाला हात लागला तेव्हा रूळ थरथरत होता.

वळणावर इंजिन आलं.

ती रुळांच्या मधोमध उभी राहिली आणि बावटा गोल फिरवत राहिली. इंजिन मोठं झालं. फटाका फुटला. मग ब्रेकची ती लांब, चिरत जाणारी किंचाळी. ती चरात पडली की तिने उडी मारली, हे तिला सांगता येत नाही.

आता तिच्या शेजारून डबे जात होते. जळक्या लोखंडाचा वास, चाकांखाली ठिणग्या. प्रत्येक डबा आधीच्यापेक्षा हळू, पण जात होताच. फाटक डब्यांच्या पलीकडे होतं. तिला काही दिसत नव्हतं. हॉर्न थांबले होते आणि त्या थांबण्याचा अर्थ काय घ्यायचा ते कळत नव्हतं. ती उठली आणि सरकणाऱ्या डब्यांच्या बाजूने चालू लागली. पोचायचं होतं आणि पोचायचं नव्हतं. इतकी लांब गाडी तिने कधी पाहिली नव्हती. कधी एकदा संपते असं वाटत होतं, आणि संपूच नये असंही. मग बफर एकमेकांवर आदळत गेले आणि गाडी उभी राहिली.

ट्रॉली आणि इंजिनाच्या तोंडामध्ये एक माणूस जेमतेम उभा राहील एवढी जागा होती. गालिचा रुळांवर घसरलेला, त्यावर शेवंतीची फुलं. चरात, गुडघाभर चिखलात, सहा जणांच्या खांद्यांवर पेटी, एका अंगाला कललेली. दोमनिकाने बापाचं डोकं दोन्ही हातांनी सावरून धरलं होतं. पाराशिवा उपड्या टोपलीसारखी जमिनीवर बसलेली. रेलू त्याच्या गाडीशी उभा होता. दार अजून उघडं होतं आणि आत कसलीशी बारीक सूचना टिंग टिंग वाजत होती.

इंजिनाचा चालक खाली उतरला. तरुण होता. त्याने कोणाकडे तरी सिगारेट मागितली, पण ती त्याच्या बोटांत राहिना. साखरेच्या ट्रकवाल्याने ती उचलून त्याच्या ओठांत दिली.

मग मागच्या रांगेतून, जिथून काहीच दिसत नव्हतं, पुन्हा एक हॉर्न आला. मालगाडी आता फाटकाच्या तोंडाशी उभी होती.

त्रिफानला पुरलं. रेल्वेने सावेताच्या जागी दुसरा माणूस पाठवला. बरोबर आलेल्या साहेबांनी तिच्या तोंडाचा वास घेतला, दारू नाही अशी खात्री केली. उद्या सकाळी जबाब, असं सांगून ते गेले. ती चौकीतून पहिल्यांदाच उजेडात गावातल्या घरी आली. पायातले बूट काढत असताना दारात दोमनिका.

"आई म्हणते, काकू आल्याशिवाय मयताच्या जेवणाला हात लावायचा नाही."

नाही म्हणता येत नाही. मयताच्या जेवणाला नाही म्हणत नाहीत.

अंगणात लांब टेबलं. कोबीच्या पानात बांधलेला खिमा-भात, मक्याच्या पिठाचा गरम घट्ट गोळा, गव्हाची गोड कोलिवा, आलुबुखारची दारू. तिच्यासाठी पाद्रींच्या समोरची जागा रिकामी ठेवली होती. रेलूने दाढी केली होती. त्याने स्वतः तिच्या ताटात वाढलं. लोक सांडल्यासारखे बोलत होते. एवढ्या मोठ्या भीतीनंतर असंच बोलतात.

"त्रिफानबाबांना घाई नव्हती. आपल्यालाच बरोबर न्यायला निघाले होते," कोणी म्हणालं.

"एकाच पाद्र्यात सगळं गाव. केवढी बचत."

हशा झाला. पाराशिवासुद्धा पदराआड हसली. सावेताच्याही ओठाचा कोपरा हलला, आणि तो हलला म्हणून तिला आतून गार वाटलं.

मग ओप्रियाने पेला खाली ठेवला. "बाकी उद्याचं सोपं आहे सावेता. ट्रॅक्टर बंद पडला, एवढंच सांगायचं. कोणाला शंका यायची नाही. माझा ट्रॅक्टर दिवसाआड बंद पडतो, पोलिसपाटलालाही ठाऊक आहे."

"बंद पडला नव्हता. तू बंद केलास," सावेता म्हणाली.

"बंद तो बंद. कोणाच्या हाताने, ते ट्रॅक्टर सांगणार आहे का?"

"काकू," रेलू म्हणाला. तो तिच्या बाकाच्या टोकाला येऊन बसला होता. "दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. मयत दिसलं आणि मला दुसरं काही दिसलंच नाही. आता तुम्ही माझं नाव घेतलंत तर लायसन्स जाईल. लायसन्स गेलं तर काय करू, विहिरी खणू? आता विहिरी कोण खणून घेतं?"

"आणि यात तिचंही भलं आहे," ओप्रिया बाकीच्यांना समजावत म्हणाला. "दोब्रेने हो म्हटल्यावर तिने सोडलं, मध्ये ट्रॅक्टर बंद पडला, ती जीव टाकून धावली. बक्षीस देतील. दुसरं काही सांगितलं तर पहिला प्रश्न तिलाच. तू कुठे होतीस बाई?"

ते खरं होतं. तिने दुपारपासून तेच उलटसुलट करून पाहिलं होतं. खोटं बोललं तर सगळे सुटत होते, तीही. खरं बोलायचं तर रेलूच्या गाडीपाशी थांबता येत नव्हतं. त्याच रस्त्याने पुढे तिची स्वतःची ती उभी राहिलेली घटका येत होती, खाली आलेला बावटा, आणि नोकरीचा शेवट.

"फोन वाजत होता," ती म्हणाली.

"कधी?" दोमनिकाने विचारलं.

"तो रडत होता तेव्हा."

"आम्हाला कोणाला ऐकू आला नाही."

"मला आला."

ओप्रियाने पाव मोडला. "तेही सांगू नको मग," तो म्हणाला, वाईट हेतूने नाही, घरच्या माणसाला म्हणावं तसं.

तिने पाद्रींकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते आणि पुसलेली काच पुन्हा पुसत होते.

"मीही थांबलो, सावेता. पुस्तक माझ्या हातात होतं."

"तुम्ही काय सांगाल, बाबा?"

"मला विचारणार नाहीत. पाद्र्याला कोणी विचारत नाही." त्यांनी चष्मा लावला. "तुला विचारतील. म्हणून मी तुला काही सांगत नाही."

"म्हणजे सांगितल्यासारखंच झालं," कोणी पुटपुटलं.

रेलू उठून दारूची सुरई फिरवू लागला. त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं होतं. सावेता गप्प होती आणि गावात गप्प बसणं म्हणजे हो. कोणी त्याला विचारलं, किती दिवस राहणार.

"कुठलं राहतोय. पहाटेच निघतो. सोमवारी माल उचलायचाय. ट्रकांची गर्दी व्हायच्या आत फाटक ओलांडलं की झालं, नाहीतर त्या रांगेत सकाळ जाते." मग त्याला काहीतरी जाणवलं असावं. तो सावेताकडे वळून ओशाळं हसला. "पण काकू, खरं सांगा. शेवटी काही झालं तर नाही ना?"

ते हसणं तिला माहीत होतं. वाईट माणसाचं नव्हतं ते. म्हणूनच त्यावर उपाय नव्हता. गाडी गाडीच्या मागे येत राहणार, आणि प्रत्येकाचं कोणी ना कोणी मेलेलं असणार, कोणाचं लग्न असणार, कोणाचा माल नासत असणार. प्रत्येकाकडे कारण असणार आणि ते खरं असणार.

पाराशिवा उठली. जेवण संपताना घरची बाई प्रत्येकाच्या हातात गोल पाव आणि त्यावर पेटती मेणबत्ती देते. घेणारा म्हणतो, देव त्याला क्षमा करो, आणि त्या घराशी जे काही उरलं असेल ते तिथे संपतं. आज तिने सुरुवात सावेतापासून केली. दोन्ही हातांनी पाव पुढे धरला. चमचे थांबले. अंगणातल्या सगळ्यांना कळत होतं की हा पाव सावेताने घेतला आणि ते शब्द म्हटले, की उद्याच्या जबाबात ट्रॅक्टर बंदच पडलेला असेल.

"घे ग," पाराशिवा म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. "त्यांच्यासाठी घे. ते कोणाचं वाईट चिंतत नव्हते."

सावेताने मेणबत्तीकडे पाहिलं. वारा नव्हता, ज्योत सरळ उभी होती. पाराशिवाच्या नखांत अजून मघाची खडीची माती होती. या बाईबरोबर ती वीस वर्षं एका बाकावर प्रार्थनेला बसली होती आणि उद्यापासून तो बाक तिच्यासाठी लांबवर असणार होता. पाद्रींनी डोळे मिटले होते.

तिने ताट थोडं पुढे सरकवलं. बाकाचा आधार घेऊन उठली, कारण गुडघे दुपारपासून वळत नव्हते. डोक्याचा रुमाल हनुवटीखाली नीट बांधला. पाराशिवाच्या पसरलेल्या हातांना तिने वळसा घातला, पावाला धक्का लागू नये इतक्या जपून, आणि टेबलांच्या मधून, मागे ओढून घेतलेल्या पायांवरून, कोणाकडेही न बघता ती अंगणाबाहेर निघून गेली.